रिकाम्या बाकाचं जहाज

१

संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी सुटलं की गल्लीचा नूरच पालटतो. आठवडाभर तोंड फिरवून बसलेल्या शेजारणी एकमेकींना पाइप जोडून देतात, गच्चीवरून हाका जातात, मोटारी घरघरतात, आणि घरात जे जे पोकळ असेल ते ते भरून ठेवलं जातं. ड्रम, पिंप, घागरी, कुकर, एवढंच काय, पाहुण्यांसाठी जपलेली काचेची सुरईसुद्धा.

मल्हाररावांच्या घरी त्या दिवशी आणखी एक काम निघायचं. तिकिटं भिजवायची.

मल्हाररावांचं खाली कूलरच्या सुट्या मालाचं दुकान आणि वर राहतं घर. पंप, मोटर, पाती, गवताच्या जाळ्या, म्हणाल ते मिळणार. शाळा सातवीत सुटली ती सुटलीच, पण माणूस चलाख. इंग्रजी वाचायला ते पंपाच्या खोक्यांवरून शिकले आणि भूगोल पोस्टाच्या तिकिटांवरून. गिऱ्हाईक पंप उलटासुलटा करून बघत असलं तरी हे ऐकवायचे, "आवो, इजिप्तच्या राणीनं गलबतं धाडून सुगंधी झाडं मुळासकट आणली होती. तिकीट हाय माझ्याकडं. आन तुम्ही म्हणता एका कूलरला टेम्पो मिळंना!" गिऱ्हाईक हसायचं आणि पंपाबरोबर जाळीही घेऊन जायचं.

नाद एकच, जुन्या काळच्या जहाजांचा. ग्रीकांची तीन मजली वल्ह्यांची, फिनिशियनांची घोड्याच्या डोक्याची, नॉर्वेची लांबोडकी, आपल्या आंग्र्यांची गुराबं आणि गलबतं. आगबोटीच्या आधीचं ते सगळं आपलं, नंतरचं लोकांचं, असा त्यांचा हिशेब. मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, या नादाचं माप एका वाक्यात काढलं होतं. "जहाजं जहाजं करता, मला समुद्र दावला का कधी?"

त्यांनी स्वतःही तो पाहिला नव्हता. उन्हाळा धंद्याचा, पावसाळ्यात समुद्र बघण्यात अर्थ नाही, आणि हिवाळ्यात तिकिटांची प्रदर्शनं.

त्या दिवशीही परातीत पाणी घेऊन त्यांनी पाकिटांची कात्रणं उताणी सोडली. किलोच्या भावानं घेतलेली रद्दी ती. डिंक सुटला की तिकीट आपसूक कागद सोडतं, मग चिमट्यानं उचलायचं आणि टिपकागदावर पालथं घालायचं. मनकर्णाबाई पलंगावर बसून बघत होत्या.

"बसा की जरा इथं. पाणी काय पळून जातंय व्हय?"

"झालंच," मल्हारराव म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते हेच म्हणत होते.

तेवढ्यात एक तिकीट कागदापासून सुटून वर आलं आणि त्यांचा हात थांबला. वल्ह्यांचं लढाऊ जहाज. बाजूनं काढलेलं, काठ उघडा, आत बाकांवर पाठमोरे वल्हेकरी, बाकाबाकावर दोघं, मागचा एक बाक तेवढा रिकामा. देशाचं नाव शिक्क्याखाली गेलेलं. शिक्का यंत्राचा, लाटांसारख्या रेघांचा, आणि तोही असा नेमका बसलेला की रेघा थेट जहाजाच्या बुडाखालून गेल्या होत्या.

"अगं हे बघ! शिक्का मारणाऱ्यानं जहाजाखाली पाणी घातलंय!"

"घालू द्या बापड्याला. त्याच्याकडं रोज येत असंल नळ."

मनकर्णाबाईंनी परात उचलली. गच्चीच्या जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा खांदा उतरलेला होता, त्यामुळे परात तिरकी व्हायची. पण थेंब सांडू द्यायच्या नाहीत. या घरात पाणी फेकलं जात नसे. तांदूळ धुतलेलं तुळशीला, कपड्यांचं संडासाला, आणि तिकिटांचं कूलरला. त्यांनी ते नेहमीसारखं कूलरच्या टाकीत ओतलं.

२

एरवी हिवाळ्यात होणारं प्रदर्शन या वर्षी लांबणीवर पडून वैशाखात तोंडावर आलं होतं. मागच्या खेपेला परीक्षकानं मल्हाररावांच्या तिकिटांच्या फ्रेमपुढे उभं राहून, चष्मा वर सारून, "चित्रं छान जमवलीत, अभ्यास दिसत नाही," असं म्हटलं होतं. तो शब्द त्यांच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता. या खेपेला फ्रेम अशी लावायची की त्या माणसानं खुर्ची मागवून वाचावी. सगळं जुळलं होतं. फक्त रोमनांची जहाजं आणि नॉर्वेची जहाजं यांच्यामध्ये एक जागा मोकळी होती, आणि हे नवं तिकीट तिथं जणू मापानं कापल्यासारखं बसलं.

बसलं, पण ते कुठल्या देशाचं, हे काही केल्या कळेना. कॅटलॉग चाळून झाले. बिडकीनच्या शिवराजला फोटो पाठवून झाला. या शिवराजची जमीन औद्योगिक पट्ट्यात गेली, तेव्हापासून तो मोटारींची तिकिटं जमवत होता आणि मल्हाररावांना काका म्हणत होता.

"काका, फोटो हललाय तुमचा. जहाज दिसतंय, बाकी समदं ओलं ओलं."

"दुसरा धाडतो."

दुसराही हलला. तिसराही. मोबाइल खिडकीत टेकवून काढला तरी तेच. मल्हाररावांनी मोबाइलला, मोबाइल विकणाऱ्याला आणि शेवटी शिवराजलाही दोन शब्द सुनावले.

आणि त्यात हा कूलर. पहिल्या दुपारीच त्याला वास आला.

"माशासारखा येतोय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आन तोंड बघा कसं खारट झालंय. व्हट चाटला की मीठ."

"घाम असंल."

"कूलरपुढं घाम?"

मल्हाररावांनी गवताच्या जाळ्या काढल्या. गवतावर पांढरी बुरशी धरल्यासारखा थर होता. त्यात नवल काही नाही. बोअरच्या पाण्याचा क्षार असाच बसतो, गिऱ्हाइकांना ते हेच सांगत आले होते. पण या टाकीत बोअरचं पाणी कधी पडलंच नव्हतं. त्यांनी दुकानातून नव्या जाळ्या आणून लावल्या. दुसऱ्या दुपारी नव्याही पांढऱ्या.

मग आवाज सुरू झाला. गंमत अशी, की कूलर चालू असताना काहीच ऐकू यायचं नाही. लाईट गेली, पातं थांबलं, खोलीत उन्हाळा उतरला, की मागून यायचा. आधी लाकडानं लाकडाला घासल्याचा करकर आवाज. मग पाण्यात काही तरी जड बुडाल्यासारखा. मग विसावा. पुन्हा करकर.

मल्हाररावांना दौलताबादची पारूबाई आठवली. एका उन्हाळ्यात ती थेट दुकानात येऊन ओरडली होती, "आवो, तुमचा कूलर रडतोय! लेकरं भेलीत!" मल्हारराव पाना-पक्कड घेऊन किल्ल्याच्या पायथ्याशी तिच्या घरी गेले, तर टाकीत हाताएवढा बेडूक. पारूबाई म्हणाली, "असू द्या मग, जित्राब हाय," आणि तो बेडूक पाऊस लागेपर्यंत तिथंच नांदला. हा किस्सा त्यांनी इतक्यांदा सांगितला होता, की आपल्या कूलरमध्येही बेडूकच निघणार अशी त्यांची खात्री होती.

त्यांनी टाकीत कोपरापर्यंत हात घातला. बेडूक नव्हता. पाणी मात्र गार, आणि हात जिथवर गेला तिथवर तळ लागला नाही. ते दचकले, हात काढला, पुन्हा घातला. या वेळी पत्रा लागला. मघाशी हात तिरका गेला असणार, दुसरं काय?

३

पंप बदलला. मोटारीला तेल दिलं. पायाखाली रबर ठोकलं. लोकांचे शेकडो कूलर मिनिटात जाग्यावर आणणारा हा माणूस, घरच्या कूलरपुढे उकिडवा बसून शिव्या मोजत होता.

"राहू द्या की," मनकर्णाबाई म्हणाल्या. "वारा तर चांगला येतोय."

"पण पाणी कसं उतरंना याचं?"

हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं होतं. असल्या उन्हात कूलर दुपारभरात बादली पितो. हा चालतोय, खोली गार करतोय, आणि टाकी काठोकाठ! एरवी त्यांनी या गोष्टीचा आनंदानं डांगोरा पिटला असता. पाणी न लागणारा कूलर या शहरात विकायला काढला तर दुकानापुढे रांग हटली नसती. पण मल्हाररावांना आनंद झाला नाही. धंद्यातल्या माणसाला फुकटचं काही मिळालं की आधी तो मालकाचा शोध घेतो.

त्याच संध्याकाळी मनकर्णाबाईंच्या हातून भाकरी निसटली.

"काय झालं?"

"काय नाय. फोड आलेत."

त्यांनी तळवे पुढे केले. बोटांच्या मुळाशी, दोन्ही हातांना, ओळीनं फोड. काही फुटलेले.

"बादल्या उचलल्यास तू. कडीनं आलेत."

"नळ येऊन किती दीस झाले? कोणती बादली?"

"मग कशानं?"

मनकर्णाबाईंनी जरा आठवल्यासारखं केलं. "दुपारी डोळा लागतो ना, तवा काय तरी वढत असते मी. लई वढते. वारा असला तर बरं असतं. वारा पडला की तरास."

"लाईट जाती त्याचा तरास तो," मल्हारराव म्हणाले, आणि हळद-तेल शोधायला उठले. ते लावतानाही त्यांचं अर्धं लक्ष टेबलावर होतं. तिथं फ्रेमचं पान उघडं पडलं होतं, आणि पानाला पोक आला होता.

वैशाखातल्या संभाजीनगरात कागद करकरीत व्हायला हवा, पापडासारखा. हे पान ओलसर होतं. त्यांनी भिंग घेतलं. तिकीट जागच्या जागी होतं. फक्त शिक्क्याच्या रेघा बुडाखाली नव्हत्या. त्या वल्ह्यांच्या भोकांपर्यंत वर आल्या होत्या.

शाई फुटली, हा पहिला विचार. पण फुटलेली शाई त्यांना चांगली ठाऊक होती. ती पसरते, कडा सोडते, डाग होते. या रेघा होत्या तशाच, सुरीनं ओढल्यासारख्या. आपणच पहिल्यांदा नीट बघितलं नसेल. पण मग जहाजाखाली पाणी घातलंय म्हणून आपण बायकोला हाक कशी मारली?

तिकीट पानावरून काढून टाकावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग त्या मोकळ्या जागेपुढे उभा राहिलेला परीक्षक डोळ्यांपुढे आला, चष्मा वर सारत. त्यांनी पान वह्यांच्या ढिगाखाली दाबून ठेवलं.

४

पाणी सुटायच्या दिवशी सुटलं नाही. मोठी वाहिनी कुठं तरी फुटली म्हणे. गल्लीत टँकरवरून भांडणं झाली, आणि खाली दुकानामागे राहणाऱ्या सरूबाईंनी जिन्यातून आवाज दिला, "मनकर्णाबाय, तुमच्याकडं हाय का वो शिल्लक?"

"कूलरात हाय," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "पण ते नका नेऊ."

हे ऐकून मल्हारराव चपापले. घागरभर पाणी कुणाला नाही म्हणणारी बाई नव्हती ती. आणि तिचा आवाज असा आला, जणू ती खोलीच्या पलीकडे, मोठ्या अंतरावर बसलीय.

त्या दुपारी ते दुकान लवकर बंद करून वर आले. लाईट नव्हती. मनकर्णाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, डोळे मिटलेले. खोलीत करकर चालली होती. आवाजाबरोबर त्या किंचित पुढे झुकत, मग किंचित मागे येत. डुलकी लागलेलं माणूस असंच हलतं, मल्हाररावांनी मनाला समजावलं. पण डुलकीतलं माणूस दर खेपेला त्याच ठेक्यावर हलत नाही, आणि त्याच्या मुठी वळलेल्या नसतात.

"अगं ए!"

त्या थांबल्या नाहीत. लाईट आली, पातं फिरलं, वारा सुटला, आणि तेव्हा कुठं त्यांची मान सैल पडली. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "आलात? बरं झालं. बसा की जरा."

"आधी डॉक्टरकडं चल."

"डॉक्टर काय करतोय? दमलेय निस्ती. एकटीला वढावं लागतं ना."

"एकटीला म्हंजे?"

 पण मनकर्णाबाईंना पुन्हा झोप लागली होती.

मल्हाररावांनी वह्यांचा ढीग बाजूला फेकला. पान चिंब होतं. भिंग हलू नये म्हणून त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं. रेघा आता वल्हेकऱ्यांच्या कमरेशी होत्या. बाकावर बाक, पाठीवर पाठ, सगळ्या एकाच बाजूला वाकलेल्या. मागच्या टोकाचा एक बाक रिकामा होता, हे त्यांना आज आठवलं; पहिल्या दिवशी तो रिकामाच होता, आणि चितारणाऱ्याचा आळस म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.

आता तो रिकामा नव्हता. दोघांच्या त्या बाकावर एकच पाठ होती, मुंगीएवढी. तिचा डावा खांदा उतरलेला होता.

त्यांनी भिंग पालथं ठेवलं आणि पुन्हा उचललं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते एखाद्या चिडक्या पोरासारखं होतं. तिकीट ओरबाडून काढलं. काडी लावली, तीन काड्या फुरफुरून विझल्या. गरम इस्त्री ठेवली. इस्त्रीखालून वाफ आली, येतच राहिली, आणि खारट वास घरभर झाला. फाडायला गेले तर चिमटीत ते ओल्या कातड्यासारखं लांबलं, फाटेना. प्रदर्शन, फ्रेम, परीक्षक, सगळं त्यांनी एका शिवीत गुंडाळून फेकलं. शिवराजचा फोन वाजत होता, फ्रेम न्यायला गाडी घेऊन कधी येऊ म्हणून. त्यांनी तो बंद केला.

मग धंदेवाईक डोकं चाललं. तिकीट नव्हे. तिकीट ज्या पाण्यात सुटलं ते पाणी. ते पाणी अजून घरात होतं. तिच्या उशाशी होतं. बेडूक निघेना म्हणून कूलर तपासत बसलो, आणि टाकी एकदाही रिकामी केली नाही! का? तर पाणी फेकायचं नसतं.

५

कूलर मागच्या गॅलरीत होता, खिडकीला तोंड लावून. मल्हाररावांनी आधी आतून बटण बंद केलं. पातं थांबता थांबता त्यांना मनकर्णाबाईंचं बोलणं आठवलं, की वारा पडला की तरास. पण तोवर पातं थांबलं होतं.

करकर सुरू झाली. आता ती मागून येत नव्हती. दोन्ही बाजूंनी येत होती.

ते गॅलरीत धावले, गुडघ्यांवर बसले आणि टाकीचं बूच उपटलं. पाणी जोरात उसळलं. गॅलरी भरली, जाळीतून धारा खाली अंगणात पडू लागल्या. खालून सरूबाईंचा आवाज आला.

"आवो मल्हारराव! डोकं फिरलं का? गल्ली कोरडी ठाक आन तुम्ही पाणी सांडताय! थांबा, बादली लावते!"

"नका लावू! जाऊ द्या ते!"

"कशाला जाऊ देऊ?" बादलीवर धार वाजली. मग थुंकल्याचा आवाज. "आग बया बया! हे वो कसलं खारं पाणी?"

पाणी थांबेना. त्या टाकीत किती मावतं हे मल्हाररावांना पाठ होतं. तेवढं केव्हाच वाहून गेलं होतं. कमरेखाली धोतर भिजलं, चपला तरंगू लागल्या. त्यांनी बुचाच्या भोकाला तळहात लावून बघितला. पाणी बाहेर येत होतं, आणि मधूनच आत ओढलं जात होतं. बाहेर, आत. करकर जशी येई तसं.

"मनकर्णे!" त्यांनी हाक मारली. लग्नानंतर कधी तरी मारली होती तशी, नाव घेऊन.

ती खिडकीपलीकडे, खोलीत होती. मधे कूलर होता. त्यांनी मागच्या जाळीला बोटं घातली, गवत फाकवलं आणि फटीला डोळा लावला.

पलीकडे आपली खोली दिसायला हवी होती. पलंग, कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर. पलंगाची कड दिसलीही, निदान तसं काही लाकूड दिसलं. पण खोली संपत नव्हती. ती लांबच लांब गेली होती, आणि त्या लांबीभर लाकडाच्या कडा एकामागे एक होत्या, आणि प्रत्येकीवर काही तरी पुढं झुकत होतं, मागं येत होतं. सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे. उजेड हिरवट, जाड, हलता. तळाशी पाणी.

सगळ्यात जवळच्या बाकावर अंबाडा घातलेली एक पाठ होती. लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. डावा खांदा उतरलेला, म्हणून तिची ओढ तिरकी पडत होती. उजव्या बाजूनं दुप्पट जोर लावत होती ती. बाजूची जागा मोकळी होती. वल्ह्याची दुसरी मूठ नुसतीच हवेत वर-खाली होत होती.

मल्हाररावांना ओरडायचं होतं. घशात मीठ होतं.

जिन्यात पावलं वाजली. सरूबाई भांडायला वर येत होत्या. "दार उघडा वो! मनकर्णाबाय! दाराखालून पाणी येतंय!" दारावर थापा पडल्या. पण तो आवाज आता काठावरून आल्यासारखा वाटत होता, आणि काठ मागे पडत होता.

पाठमोरी बाई ओढता ओढता थबकली. वळली नाही. मागे कोण उभं आहे हे कळायला बायकोला वळून बघावं लागत नाही.

ती जराशी सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा केली, पदरानं ती पुसली, आणि दमलेल्या, पण रागावलेल्या नव्हे अशा आवाजात म्हणाली,

"बसा की जरा."

दारावरच्या थापा ऐकू येईनाशा झाल्या. मल्हाररावांनी गवत आणखी फाकवलं. हात गेला, मग खांदाही गेला. पत्रा कुठंच लागला नाही.

"झालंच," ते म्हणाले, आणि या खेपेला खरंच आत गेले.